आतलाच माणूस म्हणतो, 'युद्धाचं कारण टिकत नाही'. ते तपासायचं कसं?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. वाचनालय चालवणारे गृहस्थ लिहितात ते थोडक्यात असं: "आमच्याकडे भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पंधरा-वीस पोरं दर रविवारी बसतात. या वेळी २००३ च्या इराक युद्धावर चर्चा ठेवली आहे. तेव्हा अमेरिका-ब्रिटनमधल्याच काही अधिकाऱ्यांनी, मंत्र्यांनी, सेनापतींनी सरकारने दिलेलं कारण, म्हणजे इराककडे महासंहारक शस्त्रं आहेत हे, टिकत नाही असं म्हटलं होतं. आमच्यातले अर्धे म्हणतात, अशा वेळी सरकारच्या विरोधात बोलणारा गद्दार. अर्धे म्हणतात, राजीनामा दिला म्हणजे माणूस खराच. मग भांडणच होतं. गावात बसून, इंग्रजी बेताचं असताना, हे तपासता येतं का?"

येतं. फक्त प्रश्न थोडा फिरवून घ्यावा लागेल. गद्दार की खरा हा प्रश्न माणसाबद्दलचा झाला. तुम्हाला तपासायचं आहे त्याचं विधान. प्रामाणिक माणूस चुकीचं बोलू शकतो आणि स्वार्थी माणूस बरोबर. दोन्ही गट माणसाच्या हेतूवर भांडत राहतात आणि तो नेमकं काय म्हणाला होता ते कुणीच वाचलेलं नसतं.

आधी एक अडचण सांगून टाकतो. कुठल्या टप्प्यावरचं युद्ध तुम्ही तपासता यावर बरंच अवलंबून आहे. इराकचे कागद आता उघडे आहेत, म्हणून तिथं निकाल देता येतो. चालू युद्धाचे कागद हाती नसतात. तिथं फार तर 'हा मुद्दा अजून ठरलेला नाही' असं लिहून ठेवता येतं, आणि तेवढंच लिहावं. पोरांना सवय लावायची तर जुन्या युद्धापासून सुरुवात करा. इराक निवडलंत ते चांगलं केलंत.

आता पद्धत. कापसाची गाडी खरेदी केंद्रावर गेली की ग्रेडर नुसतं 'चांगला' किंवा 'वाईट' म्हणून मोकळा होत नाही. ओलावा वेगळा बघतो, धाग्याची लांबी वेगळी, कचरा वेगळा. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की माल परत. धागा कितीही लांब असो, तो ओलाव्याची भरपाई करत नाही. युद्धाच्या कारणाचंही असंच आहे. सांगताना ते एका वाक्यात सांगतात, पण आत चार वेगळ्या गोष्टी असतात. पहिली वस्तुस्थिती: शस्त्र खरंच आहे का, हल्ला खरंच झाला का. दुसरी धोका: शस्त्र असलं तरी ते आपल्यावर, आत्ता, येणार आहे का. तिसरी अधिकार: कायद्याने युद्ध करता येतं का, परवानगी कुणी दिली. चौथी उपाय: युद्धाने ते दुखणं जाईल का, आणि किती माणूसबळ, पैसा, वर्षं लागतील.

टीका करणारा बहुतेक वेळा यातल्या एकाच गोष्टीला हात घालतो. म्हणून पहिलं काम हे: तो कशाबद्दल बोलतोय ते ओळखा. दुसरं काम: ती गोष्ट त्याला त्याच्या खुर्चीवरून दिसत होती का ते बघा.

या नजरेने २००३ ची नावं लावून पाहा. अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल एरिक शिनसेकी २५ फेब्रुवारी २००३ ला सिनेटच्या समितीपुढे म्हणाले, की युद्धानंतर इराक ताब्यात ठेवायला काही लाख सैनिक लागतील. दोनच दिवसांनी संरक्षण खात्यातले उपमंत्री पॉल वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज जाहीरपणे उडवून लावला. आज फिरणाऱ्या संदेशांत शिनसेकी 'युद्धाला विरोध करणारे सेनापती' म्हणून येतात. तसं ते बोलले नव्हते. युद्ध करू नका असं त्यांच्या उत्तरात कुठंही नाही. प्रश्न आला किती सैनिक लागतील, त्यांनी आकडा सांगितला. हा चौथ्या गोष्टीचा मुद्दा, आणि या विषयावर लष्करप्रमुखापेक्षा जास्त वजन कुणाच्या शब्दाला असणार?

ब्रेंट स्कोक्रॉफ्ट हे थोरल्या बुश यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. १५ ऑगस्ट २००२ च्या त्यांच्या लेखाचा रोख दुसऱ्या गोष्टीवर होता: सद्दाम वाईट आहे, पण त्याच्यावर हल्ला केला तर दहशतवादाविरुद्धची मोहीम बाजूला पडेल. सद्दामला शस्त्रं हवी आहेत हे त्यांनी नाकारलं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या गुप्तवार्ता मूल्यांकन कार्यालयातले अँड्र्यू विल्की यांनी ११ मार्च २००३ ला राजीनामा दिला. तेही धोक्याबद्दलच बोलत होते. ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या विधी उपसल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांचा राजीनामा निव्वळ तिसऱ्या गोष्टीवर होता: सुरक्षा परिषदेच्या नव्या ठरावाशिवाय बळाचा वापर बेकायदा आहे. शस्त्रं आहेत की नाहीत यावर त्यांनी मत देण्याचं कारणच नव्हतं. चार माणसं, चारही 'विरोधक', आणि एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या पुराव्याला लावता येत नाही. चर्चेत पोरं हीच गफलत करतील. "लष्करप्रमुखसुद्धा म्हणाले होते की शस्त्रं नाहीत" असं कुणीतरी ठोकून देईलच. तिथं थांबवा.

वस्तुस्थितीवरचे आक्षेप जास्त वेळ घेऊन बघावेत, कारण ते मोजता येतात. दोन उदाहरणं पुरेत.

पहिलं ॲल्युमिनियमच्या नळ्यांचं. इराक बाहेरून मागवत असलेल्या नळ्या ८१ मिलिमीटर व्यासाच्या आणि ९०० मिलिमीटर लांबीच्या होत्या. आपल्या तुषार संचाचा ७५ मिलिमीटरचा पाइप डोळ्यासमोर आणा. त्याहून जरा जाड, आणि लांबीला दोन हात. सीआयएचं म्हणणं, या युरेनियम शुद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, म्हणजे अणुबॉम्बकडे वाटचाल. अमेरिकेच्याच ऊर्जा खात्याचे तज्ज्ञ म्हणाले, नळीची भिंत त्या कामाला फार जाड आहे, वर दिलेला लेप सेंट्रिफ्यूजसाठी उलट काढून टाकावा लागेल, आणि हेच माप इराकच्या ८१ मिलिमीटरच्या रॉकेटला तंतोतंत बसतं. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता विभागानेही त्यांना दुजोरा दिला. ऑक्टोबर २००२ च्या गोपनीय गुप्तवार्ता-अंदाजात ही असहमती नोंदलेली आहे. त्यानंतर काही दिवसांतच लोकांसाठी छोटी आवृत्ती निघाली. तिच्यात 'काही तज्ज्ञांना वेगळं वाटतं' एवढंच उरलं. ते 'काही' म्हणजे सेंट्रिफ्यूजचं काम ज्यांच्या हातचं आहे तेच लोक, हे गळून गेलं. शिलाईचं यंत्र दुरुस्त करणारा म्हणतो सुई चुकीची आहे, आणि गावात सांगताना 'एकाला शंका आहे' असं सांगायचं, तसा हा प्रकार.

दुसरं नायजरच्या युरेनियमचं. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात अध्यक्ष बुश यांनी इराकने आफ्रिकेतून युरेनियम मिळवायचा प्रयत्न केल्याचं ब्रिटिश सरकारचा हवाला देऊन सांगितलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे त्याची कागदपत्रं आली तेव्हा एका पत्राखाली अशा मंत्र्याची सही निघाली, जो दहाएक वर्षांपूर्वीच पदावरून गेला होता. संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बरादेई यांनी ७ मार्च २००३ ला सुरक्षा परिषदेत कागदपत्रं अस्सल नसल्याचं सांगितलं. युद्ध सुरू झालं २० मार्चला. म्हणजे हा आक्षेप युद्धाच्या तेरा दिवस आधी, जाहीर, नोंदलेला. नंतरचं शहाणपण म्हणून तो झटकता येत नाही.

याच विषयात माजी राजदूत जोसेफ विल्सन यांचं नाव येतं. फेब्रुवारी २००२ मध्ये सीआयएने त्यांना नायजरला पाठवलं होतं, ६ जुलै २००३ ला त्यांनी लेख लिहून सरकारवर आरोप केला, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने ते वाक्य भाषणात यायला नको होतं असं मान्य केलं. इथवर विल्सन जिंकले. पण २००४ च्या सिनेट समितीच्या अहवालात अशीही नोंद आहे, की त्यांनी परत येऊन जी माहिती दिली तिच्यातल्या एका गोष्टीमुळे काही विश्लेषकांचा संशय कमी न होता वाढला. १९९९ मध्ये इराकी शिष्टमंडळ 'व्यापार वाढवण्याबद्दल' बोलायला आलं होतं, असं नायजरच्या माजी पंतप्रधानांनी विल्सनना सांगितलं होतं. नायजरकडे विकायला युरेनियमशिवाय फारसं काही नाही, तेव्हा ज्याने त्याने आपापला अर्थ काढला. मूळ आक्षेप बरोबर, पण माझ्या सहलीनेच प्रकरण निकालात निघालं असा जो सूर लागतो तो जरा चढा. दोन्ही लिहून ठेवा.

आता कारण बिघडतं कुठं, ते सांगतो. सरसकट खोटं क्वचितच बोललं जातं. शंका वर जाताना गळते.

पैसेवारी किंवा नुकसानीचा पंचनामा कसा वर जातो ते तुमच्या गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खालच्या वहीत 'अंदाजे, नाल्याकाठचा भाग पाण्याखाली असल्याने पाहता आला नाही' असं असतं. तालुक्याला जाताना एक आकडा होतो. जिल्ह्याला जाताना आकड्यांची बेरीज. मुंबईत पोचेतो तो 'अहवालानुसार' होतो आणि नाल्याकाठचा भाग कुणालाच आठवत नाही. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. आता ४ ऑगस्ट १९६४ ची रात्र बघा. व्हिएतनामजवळ टोंकिनच्या आखातात अमेरिकी जहाजांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याची बातमी वॉशिंग्टनला गेली. त्याच जहाजांवरच्या कॅप्टन हेरिक यांनी काही तासांतच कळवलं, की खराब हवामान आणि ध्वनियंत्रावरचा अतिउत्साह यामुळे पाणतीर आल्याचा भास झाला असावा, पुढचं पाऊल उचलण्याआधी नीट तपासणी करा. बातमी वर पोचली, तिच्यामागून आलेली शंका मागेच राहिली. ७ ऑगस्टला अध्यक्षांना लष्करी बळ वापरायची मोकळीक देणारा ठराव मंजूर: प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. ते दोन म्हणजे वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. तो दुसरा हल्ला झालाच नव्हता हे आज अमेरिकेच्या सरकारी गुप्तवार्ता इतिहासातही मान्य आहे.

ब्रिटनचं '४५ मिनिटां'चं प्रकरण याच जातीचं. २४ सप्टेंबर २००२ च्या सरकारी पुस्तिकेत इराक ४५ मिनिटांत रासायनिक-जैविक शस्त्रं डागू शकतो असं छापलं. मूळ माहिती रणांगणावरच्या जवळच्या माऱ्याच्या शस्त्रांबद्दल होती. ते शब्द न आल्याने वाचणाऱ्याला वाटलं, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं. संरक्षण गुप्तवार्ता विभागातले शास्त्रज्ञ ब्रायन जोन्स यांनी पुस्तिका निघायच्या आधी, त्याच महिन्यात, आपला आक्षेप लेखी नोंदवला होता. ब्रिटनच्या गुप्तवार्तेचा आढावा घेणाऱ्या २००४ च्या बटलर अहवालाने मान्य केलं, की कशाबद्दल आहे ते न सांगता हा दावा छापायला नको होता. जोन्स यांनी तेव्हा ना राजीनामा दिला, ना वर्तमानपत्र गाठलं. फाईलवर तारखेसह टिपण ठेवलं. माझ्या लेखी सगळ्यात भक्कम असहमती हीच: आधीची, लेखी, स्वतःच्या विषयातली, आणि वरिष्ठाला उद्देशून. राजीनामा त्याहून नाट्यमय असतो, पण पुरावा म्हणून तो नुसता राजीनामाच.

शब्दांची एक कसरत पोरांकडून नक्की करून घ्या, दहा मिनिटं लागतात. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणतं तेव्हा त्याचा अर्थ ठरलेला आहे: फार तर २५ टक्के केंद्रांवर. तरी तो अंदाज ऐकून अर्धे कास्तकार पेरणीला निघतात आणि अर्धे थांबतात. गुप्तवार्तेतही हेच दुखणं. सीआयएतले शेर्मन केंट यांच्या लक्षात आलं, की १९५१ च्या एका अंदाजातले 'गंभीर शक्यता' हे शब्द सगळ्यांनी मिळून मंजूर केले, पण विचारलं तर कुणाच्या मनात २० टक्के होते, कुणाच्या ८०. पुढे त्यांनी शब्दांना आकडे सुचवले: 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९३ च्या आसपास, 'संभाव्य' म्हणजे ७५. प्रत्येक पोराला चिठ्ठीवर लिहू द्या, 'दाट शक्यता' म्हणजे किती टक्के. चिठ्ठ्या उघडल्या की पुढचं समजावून सांगावं लागत नाही.

इथंच भाषांतराचाही धोका आहे. तुम्ही इंग्रजी उतारे मराठीत करून वाटणार असाल तर 'असावं', 'असू शकेल', 'आहे' यांची अदलाबदल करू नका. मूळ शब्दाला हात लागला की काय होतं याचा नमुना कॅथरीन गन यांच्या प्रकरणात आहे. त्या ब्रिटनच्या जीसीएचक्यू या संदेश-टेहळणी संस्थेत भाषांतरकार. सुरक्षा परिषदेतल्या काठावरच्या देशांच्या प्रतिनिधींवर पाळत ठेवायला मदत करा, असं सांगणारा अमेरिकेचा संदेश त्यांनी फोडला. ऑब्झर्व्हर या पत्राने तो २ मार्च २००३ ला छापला, पण छापताना कार्यालयात कुणीतरी अमेरिकी स्पेलिंगं सवयीने ब्रिटिश करून टाकली. झालं! अमेरिकेचा संदेश आणि ब्रिटिश स्पेलिंग, म्हणजे बनावट, अशी लगेच बोंब उठली. संदेश खरा होता. गन यांच्यावर खटला भरला आणि २५ फेब्रुवारी २००४ ला सरकारने तो मागे घेतला. आणि हेही टिपून ठेवा, की त्या संदेशातून शस्त्रं होती की नव्हती हे काहीच कळत नाही. परवानगी कशी मिळवली जात होती ते कळतं. तिसरी गोष्ट.

कायद्याच्या मुद्द्यावर एकच जोडी वाचायला द्या. ब्रिटनचे महान्यायवादी लॉर्ड गोल्डस्मिथ यांचा ७ मार्च २००३ चा सल्ला तेरा पानांचा आणि शंका-कुशंकांनी भरलेला होता. १७ मार्चला संसदेपुढे त्यांचं जे उत्तर आलं ते एका पानात मावेल असं, आणि त्यात शंका नाहीत. मधल्या दहा दिवसांत नवा ठराव आला नव्हता. १८ मार्चला खासदारांनी ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मंजुरी दिली, ती तेरा पानं न पाहता. ती बाहेर आली २००५ मध्ये.

आता दुसऱ्या बाजूचं, कारण नाहीतर तुमचा 'राजीनामा दिला म्हणजे खरा' हा गट उड्या मारत घरी जाईल. बरोबर ठरलेले विरोधकही पूर्ण बरोबर नव्हते. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ ला मंत्रिपद सोडताना केलेलं भाषण मुळातून वाचा. शहरावर डागता येईल असं महासंहारक शस्त्र इराककडे बहुधा नाही, असं ते म्हणाले. पण जैविक विषं आणि रणांगणावरचे रासायनिक गोळे बहुधा असावेत, असंही त्याच भाषणात आहे. युद्धानंतर इराकमध्ये शस्त्रं शोधणाऱ्या पथकाच्या, ऑक्टोबर २००४ मध्ये आलेल्या डुल्फर अहवालानुसार इराकचे साठे १९९१ मध्येच नष्ट झाले होते. म्हणजे कुक यांचा अंदाजसुद्धा वस्तुस्थितीपेक्षा चढाच होता. शस्त्र-तपासणी प्रमुख हान्स ब्लिक्स यांनी ७ मार्चला 'शस्त्रं नाहीत' असं म्हटलेलं नाही. तपासाला वर्षं नकोत, आठवडे पुरणार नाहीत, महिने लागतील, एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांना वेळ मिळाला नाही.

आणि विरोधक सपशेल चुकल्याचंही उदाहरण ठेवा. १९९० च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे दोन माजी संयुक्त सेनाप्रमुख, ॲडमिरल क्रो आणि जनरल डेव्हिड जोन्स, सिनेटपुढे म्हणाले की कुवेतसाठी घाईने युद्ध नको, निर्बंधांना वेळ द्या. तेव्हा कितीतरी जाणकारांना हजारो अमेरिकी सैनिक मरतील अशी भीती होती. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटचं मतदान ५२ विरुद्ध ४७ असं काठावर झालं. जमिनीवरची लढाई शंभर तासांत आटोपली. त्या युद्धाची पहिली गोष्ट कुणी नाकारतच नव्हतं: २ ऑगस्ट १९९० ला इराक कुवेतमध्ये घुसला हे सगळ्या जगाने पाहिलं. गंमत अशी, की या खऱ्या कारणालाही खोट्याचं ठिगळ लावलं गेलं. ऑक्टोबर १९९० मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलीने अमेरिकी खासदारांपुढे सांगितलं, की इराकी सैनिकांनी कुवेतच्या रुग्णालयात काचपेटीतली बाळं काढून फेकली. ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती हे १९९२ मध्ये बाहेर आलं, आणि त्या गोष्टीला आधार सापडला नाही. ठिगळ खोटं निघालं म्हणून आक्रमण खोटं ठरत नाही. उलट २००३ ला नळ्या आणि नायजर गेल्यावर अणुबॉम्बच्या दाव्यात फारसं काही उरत नव्हतं. कुठला पुरावा ठिगळ आणि कुठला खांब, हे ओळखणं हीच या कामातली खरी मेहनत आहे.

उशिरा बोलणाऱ्यांबद्दल पोरं विचारतीलच. पद गेल्यावर आत्मचरित्रात 'माझा आतून विरोध होता' असं लिहिणाऱ्याला मी शून्याच्या जवळ गुण देतो, सोबत त्या वेळचा कागद नसेल तर. कागद असेल तर उशीर माफ. डॅनियल एल्सबर्ग यांनी व्हिएतनामचे कागद १९७१ मध्ये फोडले, टोंकिनच्या सात वर्षांनी, पण ती सरकारने स्वतः लिहवून घेतलेली सुमारे सात हजार पानं होती. एल्सबर्ग यांच्या शब्दावर विश्वास ठेवायची गरजच उरली नाही.

गद्दारीचा मुद्दा थोडक्यात. गुप्त कागद फोडणं आणि कारणावर आक्षेप घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुक, विल्म्सहर्स्ट, शिनसेकी यांनी काहीच फोडलं नव्हतं. आपल्याकडे तर हे वेगळं ठेवायलाच हवं, कारण सेवेतल्या माणसाचं तोंड नियमांनीच बांधलेलं आहे: १९२३ चा शासकीय गुपिते कायदा, सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करणारे १९६४ चे वर्तणूक नियम, आणि २०२१ पासून गुप्तवार्ता-सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना आपल्या खात्याबद्दल लिहायला आधी परवानगी. त्यामुळे 'आपल्याकडे कुणी अधिकारी बोलला नाही, म्हणजे सगळ्यांना मान्य होतं' असा निष्कर्ष काढू नका. माहिती अधिकारात अर्ज टाकायचा कुणाच्या मनात असेल तर आधीच सांगा: कलम ८(१)(क) खाली देशाच्या सुरक्षेची माहिती नाकारता येते, वीस वर्षं झाल्यावर माहिती खुली करायची तरतूद या बाबीला लागू नाही, आणि कलम २४ ने गुप्तवार्ता संस्था बहुतांशी बाहेरच ठेवल्या आहेत. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर प्रसिद्ध केलेला नाही. त्यातला भाग २०१४ मध्ये बाहेर आला तोही एका परदेशी पत्रकाराकडून. कारगिलचा आढावा अहवाल मात्र, काही मजकूर झाकून का होईना, २००० मध्ये संसदेपुढे आला आणि तो मिळतो.

रविवारच्या बैठकीची मांडणी अशी ठेवा. दीड तास, पंधरा जण, तीन-तीनचे पाच गट. भिंतीवर मोठा कागद, त्यावर पाच रकाने: कोण, कुठल्या खुर्चीवरून, चारपैकी कुठली गोष्ट, कधी बोलला, कागद आहे का. 'बरोबर की चूक' हा रकाना पहिल्या तासात काढूच नका. एकदा तो दिसला की बाकीचे रकाने कुणी भरत नाही. प्रत्येक गटाला एकच माणूस द्या: शिनसेकी, अल बरादेई, जोन्स, विल्म्सहर्स्ट, कुक. सरकारची बाजू म्हणून अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांचं ५ फेब्रुवारी २००३ चं सुरक्षा परिषदेतलं भाषण सगळ्यांना. ते सव्वा तासाचं आहे, त्यातला नळ्यांचा भाग तेवढा छापा. त्यात मतभेद असल्याचं पॉवेल स्वतः सांगतात आणि पुढच्याच वाक्यांत ते बाजूला सारतात, ती जागा अधोरेखित करून घ्या. शेवटच्या अर्ध्या तासात ब्रिटनच्या इराक युद्धातल्या सहभागाच्या चौकशीचा चिल्कॉट अहवाल. २००९ ला नेमलेल्या समितीने तो ६ जुलै २०१६ ला दिला. सगळे मिळून बारा खंड, तेव्हा नादी लागू नका. सारांशाचीच पानं दीडशेच्या आसपास आहेत आणि त्यातलीही सुरुवातीची दहा पुरतात.

फसतं कुठं, तर तारखेत. संदेशात आलेल्या अवतरणाला तारीख नसेल तर ते भिंतीवर चढवायचं नाही, हा नियम आधीच सांगून ठेवा. कुणी रुसलं तर रुसू द्या.

वेळ उरला तर एक शेवटचा कागद वाटा. त्यावर ना नाव, ना गाव, ना साल. मजकूर एवढाच: 'आम्हाला न विचारता आमचा देश युद्धात ओढला गेला आहे. हे युद्ध लोकशाहीसाठी आहे असं सरकार म्हणतं. मग लोकशाही आणि साम्राज्य यांबद्दल सरकारचे युद्धहेतू काय आहेत ते स्पष्ट सांगावं, आणि ते आमच्या देशाला कसे आणि आत्ता कसे लागू होणार तेही सांगावं.' पोरांना चारपैकी कुठली गोष्ट ते ठरवू द्या. काही इराक म्हणतील, काही व्हिएतनाम. मग सांगा: हा १४ सप्टेंबर १९३९ च्या काँग्रेस कार्यकारिणीच्या ठरावाचा आशय आहे, आणि ती बैठक शेजारच्या वर्ध्यात झाली होती. व्हाइसरॉयच्या उत्तराने समाधान झालं नाही म्हणून ऑक्टोबरात पुन्हा वर्ध्यातच राजीनाम्याचा निर्णय झाला, आणि नोव्हेंबरात नागपूरला बसणारं मध्यप्रांत-वऱ्हाडचं शुक्ल मंत्रिमंडळ पायउतार झालं. त्यावर लगेच दुसरा प्रश्न टाका: पुढच्याच वर्षी, १७ ऑक्टोबर १९४० ला, पवनारला विनोबा उभे राहिले आणि युद्धाला माणसांची वा पैशाची मदत करणं चूक आहे म्हणाले, ते याच ठरावाचं पुढचं पाऊल होतं की सगळ्याच युद्धांवरचा वेगळा आक्षेप? आणि त्याच काळात नाझींचा पराभव आधी व्हायला हवा असं मानणारे डॉ. आंबेडकर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, ते कुठल्या रकान्यात बसवाल? या तिघांवर तुमचे दोन्ही गट पुन्हा भांडतील, पण या वेळी कागद हातात घेऊन.